उतारावरचा ट्रॅक्टर

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाची खरेदी, पीकविमा आणि वीजबिल हे तीन मोठे विषय आहेत. त्यांवर बोलणारी मंडळी पुढे बसलेली आहेत. आमच्या वाट्याला चौथा विषय आला आहे आणि पत्रिकेत तो 'ट्रॅक्टर व उतार' एवढाच छापला आहे. चहाच्या वेळी एकाने विचारले, "संघटनेने आता ड्रायव्हिंग स्कूल काढली काय?" काढली नाही, पण काढली असती तर एक पोरगा आज जिवंत असता, असे आम्हाला वाटते. म्हणून सुरुवात एका कबुलीने करतो.

तीन वर्षांमागे डोंगरकडेच्या एका गावात आम्ही जमिनीची धूप थांबवण्याचे काम हाती घेतले होते. कृषी महाविद्यालयात आम्ही जे शिकलो आणि नंतर वीस वर्षे जे गावोगाव सांगत फिरलो, तेच तिथेही सांगितले : पेरणी उताराला आडवी करा, तास उताराला आडवे काढा, पाणी अडेल, माती राहील. नुसते सांगून थांबलो नाही, लाकडी चौकट घेऊन चुन्याच्या रेषा आखून दिल्या. मृगाचा पाऊस झाला, पेरणीला भाड्याचा ट्रॅक्टर आला. तो आमच्या रेषेवरूनच चालला होता. वरच्या बाजूचे मागचे चाक पळसाच्या बुंध्यावर चढले, त्याच वेळी खालचे चाक जुन्या घळीत उतरले आणि ट्रॅक्टर आडवा झाला. चालवणारा चोवीस वर्षांचा होता. गावाचे आणि त्याचे नाव इथे घेत नाही.

पंचनाम्यात चालकाची चूक असे आले. आम्ही नंतर त्या रानात दहा फुटी काठी आणि गवंड्याची पाणसळ घेऊन गेलो. काठीचे वरचे टोक जमिनीला टेकवून काठी सपाट धरली, तर खालच्या टोकाखाली दोन फुटांहून थोडे जास्त अंतर भरले. म्हणजे वीस टक्के उतार. रेषा आखायच्या आधी ही काठी आम्ही का धरली नाही? बैलाच्या काळातली शिफारस ट्रॅक्टरच्या काळात जशीच्या तशी का सांगितली? हा प्रश्न आमचा पिच्छा सोडीना, म्हणून त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही चौघे सिंधुदुर्गात गेलो. आपल्याकडे वर्षाला सातशे-नऊशे मिलिमीटर पाऊस. तिथे तीन हजारांच्या वर. आपल्या डोंगरकडा म्हणजे त्यांचे सपाट रान. इतक्या उतारावर, इतक्या पावसात ही माणसे यंत्र कसे चालवतात, हे पाहायचे होते.

मालवणात काय पाहिले

कसालहून मालवणकडे जाणाऱ्या रस्त्याला कट्टा, चौके ही गावे लागतात. आजूबाजूचा मुलूख सगळा जांभ्या दगडाचा. वरती सडा, म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. मध्ये लाल मातीचा उतार. तळाशी व्हाळाच्या काठाने भाताचे मळे. पायाखाली जांभ्याची खडी असली तर चढताना माणूसच दोन पावले पुढे आणि एक पाऊल मागे येतो. पावसात त्यावर शेवाळ धरते, तेव्हा तर बोलायलाच नको.

तिथे एक वयस्कर शेतकरी भेटले. आम्ही त्यांना विचारले, "काका, एवढ्या उतारावर ट्रॅक्टर कसा चालवता?" त्यांनी आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही झाडावर नांगर कसा धरता असे विचारले. म्हणाले, "घाटयेर ट्रॅक्टर घालूक आमका येणा नाय. आमच्या आज्यापणज्यांनी घाटीच सपाट केल्यानी." घाटी म्हणजे चढ. चढावर ट्रॅक्टर घालणे आम्हाला जमत नाही, आमच्या आज्या-पणज्यांनी चढच सपाट केला, असे त्यांचे म्हणणे. मग आमच्या अपघाताची हकीकत ऐकल्यावर त्यांनी एक प्रश्न विचारला. "तुमी घाटावयले, तुमची जमीन सपाट. तुमचो ट्रॅक्टर पालथो कसो पडलो?"

याचे उत्तर आमच्यापाशी तेव्हा नव्हते.

त्यांची सात-आठ गुंठे जमीन नऊ तुकड्यांत होती. तुकड्याला ते कुणगा म्हणतात. प्रत्येक कुणगा पाणी धरील इतका सपाट, कडेला मातीची मेर, आणि जिथे उंची जास्त तिथे जांभ्याचा कोरडा गडगा रचलेला. पॉवर टिलर सपाट कुणग्यात चालतो. धोका कुठे, तर एका कुणग्यातून दुसऱ्यात उतरताना. सगळ्या रानाचा उतार त्यांनी गोळा करून चार-पाच ठिकाणी ठेवला आहे आणि ती ठिकाणे घरातल्या पोरालाही ठाऊक आहेत. तिथे मेरेवरून यंत्र चढवत नाहीत, मातीची लांब उतरण करतात. आमच्यातला एक जण हौसेने टिलर हातात घेऊन सरळ मेरेकडे निघाला, तर म्हातारा ओरडला, "मेरेर नको रे, मेर ढासाळतली!"

हे सांगताना कोकणाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तिथेही गडगे पडताहेत, रचायला माणूस मिळत नाही, पोरे मुंबईला आहेत, पुष्कळ कुणगे पड राहिले आहेत. सात-आठ गुंठ्यांवर कुणाचे घर चालत नाही, हे ते काका स्वतःच म्हणाले. आपण पाहायचे ते एवढेच, की उताराचा बंदोबस्त त्यांनी आधी जमिनीत केला आणि यंत्र नंतर आणले. आपण यंत्र आधी आणले.

टिलरची एक गोष्ट मात्र तिथे शिकलो ती इथे सांगितलीच पाहिजे, कारण आपल्याकडेही डवरणीसाठी टिलर येऊ लागले आहेत. ज्या टिलरला दोन्ही मुठींजवळ वळणाचे क्लच असतात, त्याचा डावा क्लच सपाटीवर दाबला की तो डावीकडे वळतो. सोपे आहे : डाव्या चाकाची शक्ती तुटली, उजवे पुढे गेले. पण उतरताना इंजिन चाकांना ढकलत नसते, उलट आवरून धरत असते. अशा वेळी डावा क्लच दाबला की डावे चाक मोकळे सुटून पुढे पळते आणि टिलर उजवीकडे वळतो. माणूस घाबरून क्लच आणखी जोरात दाबतो आणि यंत्र आणखी नको तिकडे जाते. म्हणून उतरताना पहिला गिअर, गती कमी, आणि क्लचला हात न लावता मुठी अंगाच्या जोराने वळवायच्या. टिलर विकणाऱ्याने हे सांगितले होते काय, असे आम्ही तिथल्या पाच-सहा जणांना विचारले. सगळे हसले.

तीन पायांची तिवई

आता ट्रॅक्टर उलटतो कसा ते पाहू. कडब्याची गाडी भरलेली तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तेवढ्याच वजनाची ज्वारीची पोती भरली तर गाडी डुलत नाही, कडबा भरला की साध्या चाकोरीतही कलते. वजन तेवढेच, पण कडब्यात ते उंचावर आहे. प्रत्येक वस्तूच्या वजनाचा एक मध्य असतो. त्या मध्यातून ओळंबा सोडला आहे असे समजा. ओळंब्याचे टोक चाकांच्या मधल्या जागेत पडते तोवर गाडी उभी राहते. बाहेर गेले की गाडी गेली.

ट्रॅक्टरला चार चाके असतात म्हणून ही मधली जागा चौकोनी असेल असे वाटते. इथेच फसगत आहे. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका खिळीवर बसवलेला असतो आणि दोन्ही बाजूंना डुलतो, म्हणून तर खड्डा आला तरी पुढची दोन्ही चाके जमिनीला टेकलेली राहतात. पण याचा अर्थ असा की कलताना पुढची चाके ट्रॅक्टरच्या धडाला आधार देत नाहीत. आस डुलून अडेपर्यंत तरी नाहीच. धड उभे असते ते मागची दोन चाके आणि पुढची एक खिळी यांवर. दिसायला चार पायांचा, पण उभा तीन पायांवर. तिवईच म्हणा. तिवईच्या निमुळत्या बाजूला ओळंबा बाहेर पडायला वेळ लागत नाही.

आता त्या पोराचा हिशेब मांडू. मागच्या दोन चाकांमधले अंतर साडेचार फूट धरा. रान वीस टक्के उताराचे, म्हणजे सुमारे अकरा अंश. टक्के आणि अंश यांत गल्लत करू नका. शंभर टक्के म्हणजे पंचेचाळीस अंश. वरचे चाक अर्धा फूट बुंध्यावर चढले, खालचे अर्धा फूट घळीत गेले. साडेचार फुटांत एक फुटाचा फरक, म्हणजे आणखी साडेबारा अंश. अकरा अंशांचा उतार क्षणभर चोवीस अंशांच्या घरात गेला. त्यातच ट्रॅक्टर गतीत होता, आणि धुऱ्याजवळ वळण यायचे म्हणून पेरणीयंत्र वर उचललेले होते. यंत्र उचलले की वजनाचा मध्य वर जातो. म्हणजे वळताना, जेव्हा ट्रॅक्टर सगळ्यांत नाजूक अवस्थेत असतो, नेमके तेव्हाच आपण कडबा वर रचतो. शिवाय वळणावर बाहेर फेकणारा जोर गतीच्या दुपटीला चौपट होतो. ताशी चार किलोमीटरने जे वळण सहज जाते, तेच आठने घेतले की चौपट जोर.

यावर करायचे काय, तर पहिली गोष्ट, मागच्या चाकांतले अंतर वाढवा. बहुतेक ट्रॅक्टरची मागची चाके आस आणि रिम यांच्यात आतबाहेर बदलता येतात. दुकानातून आला तेव्हा बसवलेल्या अंतरावरच आपण जन्मभर चालवतो. कापसाच्या ओळींच्या अंतराशी ते जुळवावे लागेल हे खरे, पण उताराच्या रानात पहिला मान चाकांना द्या आणि ओळी त्यांच्याशी जुळवा. दुसरे, मागच्या टायरांत व्हॉल्व्ह वर ठेवून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी भरता येते. हे वजन खाली बसते, म्हणजे तिवईचे पाय जड होतात. काळ्या जमिनीत त्याने माती दबते, म्हणून काम झाले की काढून टाका. फवारणीची टाकी अर्धी भरून उतारावर जाऊ नका. अर्ध्या टाकीतले पाणी ज्या बाजूला कललात त्याच बाजूला धावते. आणि आडव्या उतारावर वळायची वेळ आली, मन साशंक झाले, तर स्टिअरिंग चढाकडे नको, सावकाश उताराकडे वळवा.

मागे पालथा पडणे हा दुसरा प्रकार, आणि तो सपाट रानातही होतो. चिखलात मागची चाके रुतली की आपल्याकडे चाकाखाली ओंडका घालतात किंवा चाकाला साखळी बांधतात, आणि क्लच झटक्याने सोडतात. इंजिनला काहीतरी फिरवायचेच असते. चाक फिरेना, तर धड फिरते. पुढचा भाग उचलला जातो आणि एकदा उचलला की दीड-दोन सेकंदांत ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर येतो. क्लच दाबू म्हणेपर्यंत खेळ संपलेला असतो. रुतलेला ट्रॅक्टर मागे घ्या. निघत नसेल तर दुसरा ट्रॅक्टर आणून ओढा. ओढायची साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच लावायची. वरच्या लिंकच्या जागी किंवा आसावर लावली की तोच प्रकार. चढ फार असेल तर ट्रॅक्टर मागे चालवत चढवा आणि पुढे तोंड करून उतरा, म्हणजे जड भाग चढाच्या बाजूला राहील.

ट्रॉलीबद्दल थोडे. मालवणच्या बाजूला जांभ्याचे चिरे भरलेल्या ट्रॉल्या घाट्यांवरून उतरताना पाहिल्या. एक चालक उताराच्या तोंडाशी थांबला, उतरला, दोन्ही ब्रेकची पेडले जोडणारी पट्टी अडकवली आहे का ते हाताने पाहिले आणि ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरला. आपल्याकडे काय होते? डिझेल वाचवायला न्यूट्रल. रानात वळताना एकच ब्रेक लागतो म्हणून पट्टी काढलेली असते, ती रस्त्यावर तशीच राहते. मग उतारावर घाईत पाय एकाच पेडलवर पडतो, एक चाक धरते, ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली मागून ढकलते. कापसाची ट्रॉली वजनाला हलकी वाटते, पण कडब्यासारखीच उंच असते. आणि तिच्यावर माणसे बसलेली असतात. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात मजूर बायांना नेणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या सात बाया गेल्या. तो उताराचा अपघात नव्हता. पण ट्रॉलीत माणसे घालण्याची आपली सवय तीच आहे.

आडवी की उभी?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ट्रॅक्टर सांभाळायचा तर उताराला आडवे चालणे सगळ्यांत वाईट, सरळ वर-खाली चालणे त्यापेक्षा बरे. माती सांभाळायची तर उभी पेरणी सगळ्यांत वाईट, आडवी बरी. मग माणूस वाचवायचा की माती? अपघातानंतर आम्ही बरेच दिवस या पेचात होतो. बैलांना हा पेच नव्हता. बैल आपला पाय स्वतः पाहून टाकतो, तिफण हलकी आणि जमिनीलगत असते, आणि हाकणारा पायी चालतो. ट्रॅक्टरवर माणूस सगळ्यांत उंच जागी बसवलेला असतो.

मालवणहून परत आल्यावर आम्ही जुनी पुस्तके काढली. अमेरिकेच्या शेती खात्याने १९७८ साली जमिनीच्या धुपीचा जो हिशेब प्रसिद्ध केला, तो आम्ही महाविद्यालयात पाठ केला होता. त्यात आडव्या मशागतीने किती धूप वाचते याचा तक्ता आहे. उतार तीन ते आठ टक्के असेल तर आडव्या मशागतीने धूप निम्म्यावर येते. नऊ ते बारा टक्क्यांत चाळीस टक्के वाचते. सतरा ते वीस टक्क्यांत फक्त वीस टक्के. एकवीस ते पंचवीसमध्ये दहा. का, तर उतार वाढला की तासात पाणी मावतच नाही. ते सरी फोडून खाली धावते आणि जिथे फोडते तिथे घळ पाडते. ती घळ, जिच्यात त्या पोराचे चाक उतरले, ती अशीच पडलेली असावी.

म्हणजे पेच खरा नव्हताच. ज्या उतारावर आडवी पेरणी माती वाचवते, त्या उतारावर ट्रॅक्टर आडवा चालवता येतो. आणि ज्या उतारावर आडवा ट्रॅक्टर माणूस मारतो, त्या उतारावर नुसत्या आडव्या पेरणीने मातीही वाचत नाही. आम्ही वीस टक्क्यांवर चुन्याच्या रेषा मारल्या तेव्हा दोन्ही हातचे घालवले. तक्ता आमच्या डोक्यात होता. काठी हातात नव्हती.

तेव्हा आता आम्ही स्वतःपुरती रेघ ओढली आहे ती सांगतो. दहा फुटी काठीखाली एक फुटापर्यंत अंतर भरले तर आडवी पेरणी ट्रॅक्टरने करा; आधी रानातले बुंधे, दगड काढा, घळी बुजवा, चाके रुंद करा. एक ते दीड फूट भरले तर आडवे काम बैलाने किंवा हाताने, आणि मध्ये गवताचे पट्टे. दीड फुटाच्या वर रेषा आखून देणार नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. तिथे दोनच रस्ते : पायऱ्या पाडा, नाहीतर पीक बदला. ही सरकारी शिफारस नाही, आमचा अंदाज आहे. तुमच्या रानात माती ओली असेल, गवत असेल तर रेघ आणखी खाली आणा. कोरडे गवतसुद्धा टायरखाली साबणासारखे असते.

पायऱ्यांचे काम खर्चाचे आहे. आपल्या मुरमाड डोंगरकडेला माती वीतभर. मशीन लावून कापली तर खालचा मुरूम वर येतो आणि दहा वर्षे काही उगवत नाही. म्हणून आम्हाला पीक बदलण्याचा रस्ता जास्त बरा वाटतो. सिंधुदुर्गात उतारावरच्या वरकस जमिनीत पूर्वी नाचणी, वरी व्हायची. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना आली, शंभर टक्के अनुदान मिळाले, आणि त्या उतारांवर काजू आणि आंबा उभा राहिला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या कलमांचा त्यात मोठा हात आहे. एकदा खड्डे झाले की त्या जमिनीत पुन्हा नांगर नाही, चाक नाही; गवत कापायचे यंत्र माणूस खांद्याला लावून फिरतो. काजू आपल्याकडे होणार नाही. पण त्याच योजनेत सीताफळ, बोर, आवळा, चिंच ही कोरडवाहूची झाडेही होती, आणि आपल्या डोंगरकडेला सीताफळ कुणी लावले नाही तरी येते. भावाचे काय, हा प्रश्न तुम्ही विचारणार. तो तिथेही आहे. शेजारच्या गोव्याने २०२३ साली काजूला किलोमागे १५० रुपये आधारभाव केला, तेव्हा सीमेच्या अलीकडचा शेतकरी मोजत बसला. तरीही वीस टक्के उतारावर कापूस पेरून आपण काय मिळवतो, ते एकदा वहीत मांडून पाहा.

घाई कोण करतो

चालकाची चूक, असे पंचनाम्यात आले म्हणून सांगितले. आता भाड्याचा हिशेब पाहा. पेरणी, नांगरटी, रोटाव्हेटर, सगळे एकरी भावाने. ट्रॅक्टरमालकावर बँकेचा हप्ता आहे. मृगाचे पंधरा दिवस जितके एकर होतील तितके त्याचे. चालकाला रोजावर किंवा एकरामागे पैसे. शेतकऱ्यालाही पाऊस निघून जायच्या आत पेरून हवे असते. तिघांनाही घाई, आणि एकरी भाव या घाईला बक्षीस देतो. सावकाश चालवणाऱ्याला त्यात शिक्षा आहे. म्हणून संघटनेच्या गावांत एक ठराव करावा असे आम्ही सुचवतो : काठीखाली एक फुटापेक्षा जास्त भरेल त्या रानात एकरी भाडे नाही, ताशी भाडे. चार पैसे जास्त जातील. ट्रॅक्टरमालकांपैकी पुष्कळ जण आपलेच सभासद आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. त्यांचाही ट्रॅक्टर शाबूत राहतो.

दुसरी गोष्ट चौकटीची. चालकाच्या मागे उभी असलेली पोलादी कमान तुम्ही परदेशी चित्रांत पाहिली असेल. ट्रॅक्टर उलटला तर ती जमिनीला अडते आणि चालकापुरती जागा राखते. स्वीडनने १९५९ पासून प्रत्येक नव्या ट्रॅक्टरला ती सक्तीची केली आणि पुढच्या काळात तिथे ट्रॅक्टरखाली मरणारे अगदी नगण्य झाले. आपल्या देशात तयार होऊन अमेरिकेत जाणाऱ्या ट्रॅक्टरला ती कमान असते. आपल्या रानात येणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरला नसते. त्याच कारखान्यातला ट्रॅक्टर, पण तिकडच्या शेतकऱ्याच्या पाठीचा कणा महाग आणि इकडच्याचा स्वस्त, असा हा हिशेब आहे. ट्रॅक्टर घेताना कमान मागा. नाही म्हणाले तर लेखी मागा. गावातल्या वेल्डरकडून बसवलेले उन्हाचे छप्पर म्हणजे कमान नव्हे. ते चुरगळून उलट माणसाला अडकवते. कमान असेल तर सीटचा पट्टा बांधायचाच, नाहीतर माणूस बाहेर फेकला जाऊन कमानीखालीच सापडतो. कमान नसेल तर पट्टा बांधू नका.

तिसरी गोष्ट बोलायला जड जाते. त्या पोराच्या आईला आम्ही अपघात अनुदानाचे कागद घेऊन भेटलो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची जी योजना आहे, तिच्यात मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. पोराच्या घरी सातबारा नव्हता. दुसऱ्याच्या रानात, तिसऱ्याच्या ट्रॅक्टरवर, शेतीचेच काम करताना तो गेला, आणि कागदावर तो शेतकरी ठरला नाही. रोजाने ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाही या योजनेत घ्यावे, असा ठराव आज दुपारच्या सत्रात येतो आहे. त्यावर हात वर करताना ट्रॅक्टरमालकांनी मागे राहू नये. आणि ठराव मंजूर होऊन सरकार हलेपर्यंत, आपल्या चालकाचा खाजगी अपघात विमा मालकाने स्वतः काढावा. त्याचा वर्षाचा हप्ता डिझेलच्या खर्चापुढे काहीच नाही.

जेवणानंतर शाळेच्या मागच्या बरडावर दहा फुटी चार काठ्या आणि पाणसळी ठेवल्या आहेत. ज्यांना उतार मोजायला शिकायचे त्यांनी तिथे यावे. दोन ट्रॅक्टर आणले आहेत. एकाची मागची चाके रुंद करून दाखवू, त्याला तास-दीड तास लागेल, जॅक आणि पाने आमच्याकडे आहेत. चालवणारी पोरे सोबत आली असतील तर त्यांना जेवायला आधी बसवा, म्हणजे ती वेळेवर येतील.